फोटो कुठे ठेवू? नॅस, क्लाउड की साधी डिस्क

प्रश्न: घरातले सगळे फोटो आणि व्हिडिओ सांभाळायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडेच आहे. सगळं मिळून साधारण दीड टीबी भरतं. बरंचसं एका सहा वर्षं जुन्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आहे, थोडं जुन्या लॅपटॉपवर आणि अलीकडचं आमच्या दोघांच्या फोनमध्ये. वडिलांच्या अल्बममधले फोटो मी स्कॅन केले होते, तेही त्याच डिस्कवर आहेत. गेल्या आठवड्यात डिस्क लावली तर कट-कट असा आवाज यायला लागला आणि फोल्डर उघडायला फार वेळ लागला. भाचा म्हणतो, दोन डिस्कवाला नॅस (घरच्या नेटवर्कला जोडून ठेवायची डिस्कची पेटी) घे, त्यात रेड असतं, एक डिस्क गेली तरी काही जात नाही. बहीण म्हणते, सगळं क्लाउडवर टाक आणि मोकळी हो. दुकानदार म्हणाला, एसएसडी घ्या, ती बिघडतच नाही. तिघांचं ऐकून डोकं चक्रावलं आहे. नेमकं काय घेऊ?

उत्तर:

ताई, पुढचं वाचायच्या आधी एक करा. ती डिस्क काढून बाजूला ठेवा आणि "आता चालते का" म्हणून पुन्हा पुन्हा लावून बघू नका.

हार्ड डिस्कच्या आत मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्यांच्या वेगाने फिरणाऱ्या चकत्या असतात आणि वाचणारं हेड चकतीला न टेकता काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. कट-कट आवाज येतो तेव्हा बहुतेक वेळा हेडला आपली जागा सापडत नसते. ते जातं, चुकतं, मागे येतं, पुन्हा जातं. हेड खरंच बिघडलेलं असेल तर अशा प्रत्येक फेरीत चकतीवर ओरखडा पडायची भीती असते, आणि ओरखडा पडलेल्या जागेवरचं काही कोणालाच परत मिळवता येत नाही. म्हणून आता त्या डिस्कला जपून वापरायचं आहे, जणू ती अजून एकदाच चालणार आहे असं समजून.

आधी नवी डिस्क आणा. कोणती, ते खाली सांगते. ती लावून, तपासून तयार ठेवा आणि मगच जुनी जोडा. जोडल्यावर सगळं एकदम निवडून ओढू नका. आधी वडिलांचे स्कॅन, मग ज्या वर्षांचे फोटो दुसरीकडे कुठेच नाहीत ती वर्षं, मग बाकीचं. उतरवलेले चित्रपट आणि गाणी असतील तर ती शेवटी, किंवा नाहीच. एखाद्या फोल्डरवर कॉपी अडकली तर तो सोडून पुढच्याकडे जा. संगणकाने "डिस्क दुरुस्त करायची का" किंवा "फॉरमॅट करायची का" असं विचारलं तर नाही म्हणा; दुरुस्तीचे प्रोग्राम त्या डिस्कवर लिहितात आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर काहीही लिहिणं धोक्याचं. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली की चालू होते, हेही कोणीतरी सांगेलच. ते करू नका, बाहेर काढल्यावर आत दव जमतं. भाच्याला लिनक्सची सवय असेल तर त्याला डीडीरेस्क्यूबद्दल विचारा. हा प्रोग्राम आधी डिस्कचा सहज वाचता येणारा भाग उचलतो आणि अडणारा भाग शेवटी घेतो, त्यामुळे दुखऱ्या जागेवर सुरुवातीलाच ताण पडत नाही.

आवाज चालूच राहिला आणि काही मिनिटांत एकही फोल्डर उघडला नाही, तर थांबा. मग प्रश्न एवढाच उरतो की त्या डिस्कवर असं काय आहे जे जगात दुसरीकडे कुठेही नाही. वडिलांचे अल्बम अजून घरात असतील तर ते पुन्हा स्कॅन करता येतील. कष्ट आहेत, पण फोटो गेलेले नाहीत. अल्बम नसतील तर डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे जा. काम महाग असतं. आधी तपासणी, मग लेखी अंदाज, मग काम, असं ठरवूनच डिस्क हातात द्या. धूळविरहित खोली नसलेल्या कोणालाही ती उघडू देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी.

आता तुमचा खरा प्रश्न. तिघंही थोडंथोडं बरोबर सांगताहेत, पण तिघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळं संकट आहे. भाच्याला डिस्क बंद पडण्याची काळजी आहे, बहिणीला घरातल्या वस्तूंवर विश्वास नाही आणि दुकानदाराला फिरते भाग नकोत. फोटो मात्र या तिन्ही वाटांनी जातात आणि आणखीही वाटांनी जातात. डिस्क मरते. कोणीतरी चुकून फोल्डर डिलीट करतं आणि ते तीन महिन्यांनी लक्षात येतं. चोरी होते, आग लागते, घरात पाणी शिरतं. एखादा व्हायरस सगळ्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागतो. क्लाउडचं खातं बंद होतं किंवा पासवर्ड हरवतो. यापैकी कोणतीही एक गोष्ट घडली तरी फोटो शिल्लक राहिले पाहिजेत, अशी सोय आपल्याला करायची आहे. ही सोय कोणत्याही एका पेटीत विकत मिळत नाही. ती होते ती एकमेकांपासून तुटलेल्या प्रतींनी. म्हणून "काय घेऊ" याच्या आधी "प्रती किती आणि कुठे" हे ठरवा, म्हणजे खरेदी सोपी होते.

यासाठी छायाचित्रकारांमध्ये रूढ झालेला ३-२-१ असा साधा हिशोब आहे. प्रत्येक फोटोच्या ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली १ घराबाहेर. मी यात एक भर घालते. एक प्रत अशी हवी की जी एरवी कशालाच जोडलेली नसते, वायरने नाही आणि वायफायनेही नाही.

भाच्याच्या रेडबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात. रेडची कल्पना १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी मांडली. मोठ्या महाग डिस्कऐवजी स्वस्त डिस्कचा ताफा वापरायचा, आणि ताफ्यातली एखादी पडली तरी यंत्र चालू राहायचं, असा त्यामागचा विचार. दोन डिस्कच्या नॅसमध्ये बहुधा रेड १ असतं, म्हणजे एका डिस्कवर जे लिहिलं जातं तेच त्या क्षणी दुसरीवरही लिहिलं जातं. आता हे जवळून बघा. तुम्ही "२०१९" नावाचा फोल्डर उघडलात, दोन अंधुक फोटो निवडायला गेलात, हात घसरला आणि अख्खा फोल्डरच डिलीट झाला. नॅसने हुकूम पाळला आणि तो फोल्डर दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी गेला. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर कुलूप दोन्हीकडे लागतं. दोन्ही डिस्क एकाच डब्यात, एकाच वीजपुरवठ्यावर, एकाच खोलीत. रेड म्हणजे गाडीतली स्टेपनी आहे: पंक्चर झालं तर प्रवास थांबत नाही, पण गाडीच चोरीला गेली तर स्टेपनीही तिच्यासोबत जाते. चांगल्या नॅसमध्ये स्नॅपशॉट नावाची सोय असते, तिने डिलीट झालेलं परत आणता येतं, आणि ती चालू करायलाच हवी. पण ते स्नॅपशॉटही त्याच डब्यात असतात.

तेव्हा भाच्याला सांगा की नॅस ही चांगली वस्तू आहे, पण तिचाही बॅकअप घ्यावाच लागतो. म्हणजे नॅसच्या खर्चावर आणखी एका डिस्कचा खर्च येतोच. मग पहिला पैसा बॅकअपवर का घालू नये?

बहिणीच्या क्लाउडकडे वळू. क्लाउडमध्ये एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे प्रत आपोआप घराबाहेर जाते, तुम्ही विसरलात तरी. यासाठी मी क्लाउडच्या बाजूची आहे. पण "मोकळी हो" हे मला मान्य नाही. फोनमधली फोटोंची बहुतेक ॲप्स सिंक करतात, म्हणजे फोन आणि क्लाउड एकसारखे ठेवतात. बॅकअप चालू असताना गुगल फोटोजमधून एखादा फोटो डिलीट केला की तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडमधूनही. ट्रॅशमध्ये तो ६० दिवस राहतो, आयक्लाउडमध्ये साधारण ३० दिवस, आणि मग कायमचा जातो. "फोनमधली जागा रिकामी करायची म्हणून डिलीट केले, क्लाउडवर आहेतच की" असं म्हणून वर्षभराचे फोटो घालवून बसलेल्या वाचकांची पत्रं मला सतत येतात. जागा करायची असेल तर ॲपमध्येच त्यासाठी वेगळा पर्याय असतो, तोच वापरा.

दुसरं म्हणजे क्लाउडच्या अटी बदलतात. गुगल फोटोजमध्ये अमर्याद फोटो फुकट ठेवायची सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. ॲमेझॉन ड्राइव्ह ही सेवा ३१ डिसेंबर २०२३ ला संपली. दोन्ही वेळा आधी सूचना दिली होती, पण ती वाचणारं आणि फाइली उतरवून घेणारं कोणीतरी लागतंच. आणि क्लाउड म्हणजे शेवटी कुठेतरी उभी असलेली इमारतच. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली, आणि ज्या ग्राहकांचा बॅकअपही त्याच जागी होता त्यांचं सगळंच गेलं. फोटोंच्या मोठ्या सेवा एकापेक्षा जास्त ठिकाणी प्रती ठेवतात हे खरं, पण तुमचं खातंच बंद झालं तर त्या सगळ्या प्रती एकदमच तुमच्या हातातून जातात. क्लाउड ही तिसरी प्रत म्हणून उत्तम आहे. एकुलती एक प्रत म्हणून ती नको.

एसएसडी बिघडतच नाही, हे दुकानदाराचं म्हणणं साफ चूक आहे. एसएसडी चकत्यांऐवजी चिपवर माहिती साठवते, तिच्यात फिरते भाग नसतात, पडणं-आपटणं ती चांगलं सोसते आणि वेग तर कितीतरी जास्त. रोज वापरायला आणि सोबत न्यायला छानच. पण तिच्यात माहिती विजेच्या भाराच्या रूपात साठलेली असते आणि डिस्क वीज न देता पडून राहिली की तो भार हळूहळू झिरपतो. चिप उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकात घरगुती एसएसडीकडून एवढीच अपेक्षा आहे की तिच्यावर जितकं लिहिता येतं तितकं लिहून झाल्यावर, ३० अंश सेल्सिअसला बंद अवस्थेत, तिने १ वर्ष माहिती टिकवावी. नवी डिस्क यापेक्षा खूप जास्त टिकवते, घाबरायचं कारण नाही. तरी कपाटात चार-पाच वर्षं न बघता ठेवायची वस्तू म्हणून मी एसएसडी निवडणार नाही. शिवाय हार्ड डिस्क बहुधा आधी कुरकुरते, जशी तुमची कुरकुरली. एसएसडी पुष्कळदा काहीही न सांगता एके दिवशी दिसेनाशी होते. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड या कामासाठी विचारातसुद्धा घेऊ नका.

मग तुम्ही काय घ्या? दोन साध्या एक्स्टर्नल हार्ड डिस्क, प्रत्येकी ४ टीबी, आणि एक २ टीबीची क्लाउडची वर्गणी. दीड टीबीच्या संग्रहाला एवढं पुरतं.

४ टीबी का, तर व्हिडिओमुळे. आयफोनवर ४के व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमने घेतला तर मिनिटाला साधारण १७० एमबी लागतात आणि ६० फ्रेमने घेतला तर ४०० एमबी. म्हणजे अर्ध्या तासाचं बालनाट्य ६० फ्रेमने टिपलं की १२ जीबी गेले. फोटोंनी डिस्क भरायला वर्षं लागतात, व्हिडिओ ती बघता बघता भरतात. शिवाय डिस्क काठोकाठ भरायची नसते. आणि विंडोजवर ४ टीबीची डिस्क ३.६३ टीबीच दाखवेल, तेव्हा दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या, इतकाच तो फरक आहे.

दोन्ही डिस्क वेगवेगळ्या कंपनीच्या घ्या, किंवा निदान काही महिन्यांच्या अंतराने घ्या. एकाच खेपेतल्या डिस्कमध्ये दोष असला तर तो दोन्हींत असतो. कोणती कंपनी चांगली, हे मला दर आठवड्याला विचारलं जातं. बॅकब्लेझ ही ऑनलाइन बॅकअप देणारी कंपनी २०१३ पासून आपल्याकडच्या डिस्क किती बिघडल्या याचे आकडे जाहीर करते. तिथे अलीकडच्या वर्षांत शंभर डिस्कमागे वर्षाला साधारण एक ते दोन बंद पडतात, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येसुद्धा मोठा फरक दिसतो. त्यामुळे नावावर फार वेळ घालवू नका. कोणतीही डिस्क मरू शकते असं धरूनच आपण दोन घेतोय. खोक्यावर एसएमआर लिहिलं असेल तरी बॅकअपला चालेल. त्या प्रकारात लेखनाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, म्हणून मोठं पुनर्लेखन हळू होतं, एवढंच. नॅसमध्ये बसवायची असेल तर मात्र सीएमआरचीच, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवलेली, बघून घ्या.

पहिली डिस्क हा तुमचा मूळ संग्रह. सगळं इथे गोळा करायचं, लॅपटॉपवरचं, दोन्ही फोनमधलं, जुन्या डिस्कवरून वाचलेलं. कट करून पेस्ट कधीही करू नका, नेहमी कॉपी. मध्येच वायर निघाली तर कटमध्ये फाइल दोन्हीकडून हातची जाऊ शकते. फोल्डर सोपे ठेवा, वर्ष, त्यात महिना, हवं तर प्रसंगाचं नाव. आणि एक विनंती. आधी फोटो छाटू, नावं नीट करू, डुप्लिकेट काढू, मग बॅकअप घेऊ, असं ठरवू नका. ते छाटणं कधीच पूर्ण होत नाही आणि तोवर डिस्क वाट बघत थांबत नाही. आहे तो पसारा आधी तिन्ही ठिकाणी जाऊ द्या, आवराआवर नंतर सवडीने.

दुसरी डिस्क ही पहिलीची प्रत. हाताने ओढून कॉपी केलंत तर काय राहिलं ते कळत नाही, म्हणून प्रोग्राम वापरा. फ्रीफाइलसिंक फुकट मिळतो आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. डावीकडे मूळ डिस्क, उजवीकडे प्रत, दिशा कायम डावीकडून उजवीकडे. त्यात एक सेटिंग आहे, ते नीट बघा. मूळ डिस्कवर डिलीट झालेल्या फाइलींचं प्रतीमध्ये काय करायचं, या प्रश्नाला व्हर्जनिंग निवडा, म्हणजे त्या फाइली पुसल्या न जाता वेगळ्या फोल्डरमध्ये सरकतात. मग "२०१९" फोल्डरसारखा घोळ झाला तरी तो परत मिळतो. सिंक करायच्या आधी प्रोग्राम यादी दाखवतो, ती रोज वाचायची गरज नाही, पण "डिलीट होणार" समोरचा आकडा एकदा बघाच. तुम्ही काही पुसलेलं नसताना तिथे हजारो फाइली दिसल्या तर थांबा, काहीतरी बिघडलंय. काम झालं की इजेक्ट करा, वायर काढा, डिस्क कपाटात. महिन्यातून एकदा पुरे. एखादा मोठा प्रवास किंवा घरातला समारंभ झाला की त्याच आठवड्यात.

तिसरी प्रत क्लाउडवर. पहिल्यांदा चढवायला वेळ लागेल, त्याने खचू नका. अपलोडचा वेग २० एमबीपीएस असेल तर दीड टीबी चढायला न थांबता जवळजवळ सात दिवस लागतात, प्रत्यक्षात त्याहून जास्तच. इंटरनेट जोडणीच्या जाहिरातीत डाउनलोडचा वेग मोठ्या अक्षरात असतो, अपलोडचा पुष्कळदा त्याच्या एका अंशाइतकाच, तो तपासून घ्या. रात्री चालू ठेवा, दिवसा थांबवा. दर महिन्याची वर्गणी नको असेल तर क्लाउडऐवजी तिसरी डिस्क घ्या आणि ती बहिणीच्या घरी ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी भेटाल तेव्हा घरातली दुसरी तिच्याकडे द्यायची आणि तिच्याकडची आणून ताजी करायची. हे साधं आहे आणि पक्कं आहे, फक्त शिस्त हवी. आपण अदलाबदल करायला विसरू, असं मनापासून वाटत असेल तर वर्गणीच भरा.

फोनमध्ये दोन गोष्टी आत्ताच बघा. आयफोनवर स्टोरेज ऑप्टिमाइझ करण्याचा पर्याय चालू असेल तर फोनमध्ये जागा कमी पडली की लहान प्रती उरतात आणि मूळ फोटो फक्त आयक्लाउडवर असतात. असा फोन संगणकाला जोडून कॉपी केलीत आणि सगळं आलं असं समजलात तर फसाल. मूळ फाइली उतरवून घ्या. गुगलकडून उतरवताना टेकआउट ही सगळं एकदम उतरवून घ्यायची त्यांची सोय वापराल, तेव्हा फोटोंसोबत जेएसओएन नावाच्या छोट्या फाइली येतात. गुगल फोटोजमध्ये तुम्ही बदललेल्या तारखा, ठिकाणं आणि वर्णनं त्यांत असतात, त्या फेकू नका. दुसरी गोष्ट व्हॉट्सॲपची. तिथून नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो आणि तो कधी, कुठे काढला ही आतली नोंदही निघून गेलेली असते. नातेवाइकांकडून चांगला फोटो हवा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

चित्रपट, मालिका, गाणी असं पुन्हा मिळू शकणारं काही असेल तर त्याची एक प्रत पुरे. सगळ्याला सारखी माया लावली की डिस्क भरतात, क्लाउडची वर्गणी वाढते आणि कंटाळून माणूस सगळंच सोडून देतो. तीन प्रती हव्यात त्या फक्त तुम्हीच काढू शकला असतात त्या फोटोंच्या.

नॅस घ्यायची वेळ येते का? येते. घरातल्या चार-पाच जणांचे फोन आपोआप एका जागी रिकामे व्हावेत असं वाटू लागलं, संग्रह पाच-सहा टीबीच्या पुढे गेला, टीव्हीवर सगळ्यांनी मिळून फोटो बघायचे असले, तर नॅसइतकं सोयीचं काही नाही. इमिच नावाचा मुक्त प्रोग्राम नॅसवर चढवला की गुगल फोटोजसारखंच घरचं ॲप मिळतं, चेहरे ओळखण्यासकट. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइल पद्धती असलेला नॅस घेतलात तर आणखी एक फायदा आहे. त्या प्रत्येक तुकड्याचा चेकसम, म्हणजे त्यातल्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा, जपतात, त्यामुळे डिस्कवर नकळत बदललेला एखादा बिटही पकडला जातो. पण नॅस म्हणजे एक छोटा सर्व्हर आहे. अपडेट करायचे, यूपीएसवर ठेवायचा, डिस्कची तब्येत बघायची, हे काम कोणाचं ते आधी ठरवा. भाचा करेल म्हणतोय, पण तो दूर गेला तर?

आणि घेतलात तर तो थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या घरगुती पेट्या जगभरात दुरून पुसल्या गेल्या. त्यांना २०१५ नंतर अपडेट मिळालेच नव्हते, आणि त्या इंटरनेटला जोडलेल्या होत्या. मालकांनी सकाळी बघितलं तर फोल्डर रिकामे. बाहेरून फोटो बघायचे असतील तर व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कपर्यंतच्या सुरक्षित खासगी वाटेने, घरात शिरा.

आता सगळ्यात दुर्लक्षित काम. बॅकअप घेतलाय म्हणजे तो परत मिळतोच असं नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, आणि त्यांनी स्वतःच जाहीर केलं की पाचांपैकी एकही धड चालत नव्हती. शेवटी सहा तासांपूर्वी सहज म्हणून घेतलेली एक प्रत होती, तिने वाचवलं. जिथे दिवसरात्र तज्ज्ञ बसतात तिथे हे होतं, तर आपण तपासायलाच हवं.

तपासणी अशी करा. कपाटातली डिस्क वेगळ्या संगणकाला लावा, ज्यावर तुम्ही कधी सिंक केलेलं नाही. सगळ्यात जुन्या वर्षातला एक फोल्डर, मधला एक, ताजा एक उघडा. नुसती छोटी चित्रं दिसली म्हणून समाधान मानू नका, फोटो पूर्ण आकारात उघडा. खालचा अर्धा भाग करडा किंवा रंगीत पट्ट्यांचा दिसला तर फाइल अर्धीच कॉपी झाली आहे. एक मोठा व्हिडिओ निवडा आणि शेवटच्या मिनिटावर नेऊन चालवा, कारण अपुरी फाइल सुरुवातीला बरी वाजते. मग क्लाउडमधून एक फोल्डर उतरवून मूळ डिस्कवरच्या फोल्डरशी फाइलींची संख्या आणि आकार ताडून बघा. हे वर्षातून दोनदा करा. त्याच वेळी डिस्कची स्मार्ट माहितीही, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघा. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम ती दाखवतो. "कॉशन" म्हणजे सावधगिरीचा इशारा दिसला तर वाट न बघता नवी डिस्क आणा. काही दिसलं नाही तरी पाचेक वर्षांनी बदला, आणि जुनी फेकण्यापेक्षा चौथी प्रत म्हणून ठेवा.

घराबाहेर जाणाऱ्या डिस्कला कुलूप हवं. विंडोजच्या वरच्या आवृत्त्यांमध्ये बिटलॉकर आहे, मॅकवर डिस्क एन्क्रिप्ट करायची सोय आहे, आणि दोन्हीकडे चालणारं हवं असेल तर व्हेराक्रिप्ट. पण एन्क्रिप्शनचा पासवर्ड आणि रिकव्हरी की हरवली तर तुमच्यासाठीही ती डिस्क बंदच. त्यामुळे घरातल्या प्रतीला मी कुलूप लावायला सांगणार नाही. चोरापेक्षा विसरलेल्या पासवर्डने जास्त फोटो गेलेले मी बघितले आहेत.

पासवर्ड, रिकव्हरी की, कोणत्या डिस्कवर काय आहे आणि क्लाउडचं खातं कोणाच्या नावावर आहे, हे एका कागदावर लिहा. कागद घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांमध्ये ठेवा, एक प्रत बहिणीकडे द्या. गुगलमध्ये इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आणि ॲपलमध्ये लेगसी कॉन्टॅक्ट ही सोय आहे. तुमचं खातं बराच काळ वापरात नसेल किंवा तुम्ही नसाल, तर फोटो कोणाला मिळावेत ते तिथे नोंदवता येतं. गुगल दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकू शकतं, तेव्हा हे आजच करा. यजमानांनाही डिस्क लावून एक फोटो शोधायला सांगा, तुम्ही शेजारी न बसता. ते जिथे अडतील ती पायरी कागदावर वाढवा.